पुस्तकात बुडालेली आत्या

अक्पेने आत्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मेली, आणि ते तिला कळलं भर सभेत, पहिल्या रांगेत बसलेली असताना. घ्या!

भाचा एडेम आपण लिहिलेली कादंबरी घेऊन आक्रा शहरातून समुद्रकाठच्या आपल्या गावी, केट्याला आला होता. पुस्तक इंग्रजी, पण शेवट त्यानं गावासाठी आपल्या एवे भाषेत वाचला. समुद्र चढत येतो, किनाऱ्यावरचं शेवटचं घर गिळतो आणि घर न सोडणारी म्हातारी बुडते. बायका डोळे पुसू लागल्या.

"अरे मुडद्या!" आत्या उठली. "जिवंतपणी पोचवलंस मला? माझी मासळी खाऊन वाढलास ना?"

"आत्या, गोष्ट आहे गं ती."

"घर माझं, नाक माझं, हट्ट माझा. मेली तेवढी दुसरीच का?"

आत्याचं घर खरंच शेवटचं होतं. पुढची सगळी घरं समुद्रानं खाल्ली होती. खाडीपलीकडे चल म्हणून एडेम कधीचा विनवत होता, पण ही ऐकेल तर शपथ!

आत्यानं ढोल मागवला. भांडण झालं की ढोलावर गाऊन एकमेकांची उणीदुणी काढायची, ही त्यांची जुनी रीत. त्यांच्या आळीत ज्याला हसू फुटेल तो हरला.

"हरलास तर पुस्तकात मला जिवंत करायचं."

"आणि तू हरलीस तर खाडीपलीकडे यायचं."

"ये पुढे!" आत्या आजवर हरली नव्हती.

भाच्याला होडीत बसताच ओकारी होते आणि हा समुद्रावर पुस्तकं लिहितो, असं तिनं गायलं. गाव हसून लोळलं. एडेमनं ओठ चावले. मग भसाड्या आवाजात तो गायला:

"समुद्रा, घर खा, दार खा,
आत्या तेवढी गिळू नको;
पोटात बसून जन्मभर
तुझ्या मिठाला नावं ठेवील!"

आत्यानं तोंड दाबलं, आभाळाकडे पाहिलं. पोट गदगदलं आणि ती फुटलीच.

"हरली! आत्या हरली!"

हसता हसताच तिच्या काळजात कळ आली. घर सुटलं होतं. पण शब्द म्हणजे शब्द.

दुसऱ्या दिवशी आळीनं तिची मासे भाजायची भट्टी ढोल वाजवत नेली. डोक्यावर गादी घेतलेला एडेम म्हणाला, "आत्या, मी शेवट बदलतो. जिवंत करतो तुला."

आत्यानं मागे लाटांकडे पाहिलं आणि त्याच्या कानाशी आली.

"गप! मेलेलीच राहू दे. म्हातारी संपली असं वाटू दे समुद्राला. म्हणजे शोधत यायचा नाही."