उजेडबुवांचं काळं पाणी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर उजेडबुवा मुलांच्या अंगातला अंधार काढत होते. मूल वाडग्यातल्या तांबूस पाण्यात हात बुडवायचं, पाणी काळंनिळं व्हायचं आणि लोक ‘अगं बाई!’ म्हणत तोंडावर हात ठेवायचे. मुलांच्या पोटात एवढा माल असतो, हे रांगेतल्या एका बसचालकाला नवीनच होतं. त्याची सहा वर्षांची मुलगी ठमी दिवा मालवला की किंचाळायची. घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि पेंगणाऱ्या माणसाने बस चालवू नये. म्हणून तो आला होता.

उपचार सोपा होता. आधी अंधार काढायचा, मग उरलासुरला आटावा म्हणून मुलाला रात्रभर काळोख्या खोलीत कोंडायचं. ओरडलं तरी उघडायचं नाही. चालकाने सकाळीच अडगळीच्या खोलीला बाहेरून नवी कडी ठोकली होती. तेव्हापासून ठमी त्याच्याशी अवाक्षर बोलली नव्हती.

शिष्याने ‘घाम येऊ नये म्हणून’ तिच्या हातांना पांढरी पावडर चोळली.

“बुडव बाळ, जन्मोजन्मीचा काळोख आहे हा!” बुवा म्हणाले.

ठमी मागे सरली. चालक तिचं मनगट धरून पुढे ओढायला गेला, तर त्याच्या गणवेशाची खळ घातलेली बाहीच वाडग्यात पडली. ती काळीनिळी झाली.

“बाबा,” ठमी सकाळपासून पहिल्यांदा बोलली, “तुमचा शर्टपण घाबरतो?”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“शर्ट फार हळवा आहे,” बुवा म्हणाले.

चालकाने खिशातला बिनखळीचा रुमाल बुडवला. तो नुसता तांबूस झाला.

भाच्याला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या विज्ञानाच्या बाई पुढे आल्या. त्यांनी वाडग्याचा वास घेतला. “आयोडीन आहे हे. पिष्टमय काही लागलं की काळंनिळं होतं. खळ काय, पावडर काय, दोन्ही तसलीच. अहो, दर वर्षी वर्गात बटाट्यावर करून दाखवते मी! माझीच अक्कल कुठे चरायला गेली होती?”

बुवांना तेवढ्यात ध्यानाची वेळ आठवली. ते मागच्या दाराने सटकले.

घरी येताच चालकाने कडी उपटून काढली. “चुकलं माझं, ठमे,” तो म्हणाला. झोपताना दोघांनी दिव्याच्या उजेडात खोलीतली एकेक वस्तू चाचपली. मग दिवा मालवला आणि हातात हात धरून पुन्हा तेच सुरू केलं. खाडकन आवाज झाला.

“आई गं! काय आहे हे?” चालक गुडघा धरून ओरडला.

“घाबरू नका बाबा,” ठमी खुदकन हसली. “स्टूल आहे.”

तेव्हा मंडळी, मूल अंधाराला भ्यालं तर त्याचा हात धरा आणि तिथे काय आहे ते सोबत बघा. आणि कुणी काळं पाणी दाखवलंच, तर आधी स्वतःची बाही बुडवा.