रस्त्यात लावलेलं भात

आंबेखिंडीत रस्ता आला तो चालत नाय आला, चढत आला. शहापूर-मुरबाडच्या मधलं ते गाव. आधीच्या डांबरात रस्ता कमी नि खड्डे जास्त, म्हणून सिमेंटचा केला. आणि केला तो एवढा उंच, की गोजर म्हातारीची कोंबडी वर चढली नि खाली बघून तिला भोवळच आली. खोटं वाटत असंल तर कोंबडीला विचारा.

गोजरच्या ओट्यावरून माणसं दिसायची बंद झाली, नुसते पाय दिसायचे. मग काय, ती गाव पायांवरून ओळखाया लागली. भेगाळलेल्या टाचा म्हणजे हिराबाई, रस्त्याच्या कामावरची मुकादमीण. पांढरे बूट म्हणजे नितीनशेठ, पंचायतीचा मेंबर. चिखलाच्या गावात पांढरे बूट घालतो त्याला कामाची किती सवय असंल, ते सांगायला तोंड कशाला बघायचं?

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण अंगणात तिच्या पोराचा टेंपो अडकला. धाकलू मुरबाडकडच्या मळ्यांतली भेंडी वाशीला न्यायचा. आता रस्ता वर, टेंपो खाली, मधे गटार. मळेवाल्यांनी निरोप धाडला, "रविवारी सकाळी गाडी आण, नायतर कायमची दुसऱ्याची लावतो." त्या दिवसापासून धाकलू टेंपोत बसून नुसताच गियर हलवायचा. जेवायलाही उतरेना.

गोजरनं ठेकेदाराच्या सुपरवायझरला गाठलं. अमित नाव त्याचं. डोळ्यावर काळा चष्मा, अंगात पोपटी जाकीट.

"बाबा, माज्या दारात उतार कधी करताव?"

"आजी, उतार आमच्या कामात नाय. ज्याचं घर त्यानं करायचा."

"घर कुठं गेलं व्हतं रे? आजेसासऱ्याच्या टायमापासून हितंच बसलंय. हलला तो तुमचा रस्ता."

"मोठ्या साहेबांना विचारा."

मोठ्या साहेबानं मेंबरकडं बोट दाखवलं. मेंबर गोड बोलला, "गोजरआक्का, तुमी आपली मानसं. पन सगळ्यांनाच फुकट उतार दिले तर सरकारचं कसं व्हायचं?"

"सरकारची लय काळजी तुला. मग तुज्या दारातला उतार कोनी केला?"

"तो... उरल्यासुरल्या मालातला हाय."

उरलासुरला! त्या उतारावर लग्नाचा मांडव घातला तर वऱ्हाड मावून वर घोडा नाचवायला जागा उरेल. मोठा साहेब आला की पहिली गाडी तिथंच लावायचा. रस्त्याचं माप तिथूनच घ्यायचे वाटतं मेले.

गोजर घरी आली. सून रत्ना दारात उभी. "काय बोलले, आत्या?"

"कुत्रं आपली शेपटी हुंगत फिरतं ना गो, तसे बोलले."

तेवढ्यात तिची नजर वर गेली. तिच्या दारापुढचं काँक्रीट नुकतंच ओतलेलं. ते तडकू नये म्हणून मजुरांनी वर मातीचे बांध घालून पाणी भरून ठेवलं होतं. चौकोनी बांध, आत तुडुंब पाणी, वर लखलखीत ऊन. गोजर बघतच राहिली.

"रत्ना, हे काय दिसतंय तुला?"

"सिमेंटला पानी घातलंय."

"येडे, हे भाताचं खाचर हाय. नुसती चिखलनी करायची राह्यलीय."

कालव्याखालच्या शेतात उन्हाळी भात लावून झालं होतं. उरलेलं आवण, भाताची रोपं, मुठी बांधून ओट्यापाशी ओलं ठेवलेलं. आणि मातीला काय तोटा? गटार खणलं त्याची सगळी माती ठेकेदारानं न विचारता तिच्याच अंगणात ओतली होती. गोजरनं ती परत केली. पाटी पाटीनं. मग साडी खोचून सासूसुना वाकल्या, आणि भर दुपारी रस्त्यात भात उभं राहिलं.

बायका बघायला आल्या, मोटारसायकली थांबल्या, फोटो निघाले. कुणी म्हणतात, संध्याकाळपर्यंत बगळेसुद्धा आले नि बेडूक मागू लागले.

अमित धावत आला. "आजी, हे काय करून ठेवलं? रविवारी उद्घाटन हाय!"

"मग या की. पीक बघाया मोठी मानसं येतील."

"काढा हे!"

"ज्याचं घर त्याचा उतार ना रे? तसं ज्याच्या दारात पानी त्याचं खाचर."

अमितनं हिराबाईला हुकूम सोडला. हिराबाई आणि तिच्या बायका पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. दुसऱ्यांच्या बांधावर जन्म गेला त्यांचा, स्वतःचं खाचर कुणाकडं नाय. पण रीत त्यांना पाठ.

"लावलेलं भात लावनारनीबिगर कोन उपटीत नाय, सायेब. हात झडतात. तुमाला उपटाचं तर उपटा."

अमितनं आपल्या हातांकडं पाहिलं नि मेंबरला फोन लावला.

नितीनशेठ आला. "अंधश्रद्धा हाय ही!" म्हणत बूट घालूनच खाचरात शिरला. एक मूठ उपटली. बघणाऱ्या सगळ्यांनी एकदमच "च्च" केलं, आणि जितके मोबाइल होते तितके त्याच्याकडं वळले. मतं त्याच गर्दीत उभी होती. त्यानं मूठ गुपचूप परत खोवली. तीही उलटी, मुळं वर.

"आक्का, काय पायजे तुमाला?"

"मला काय नको. टेंपोला वर याची वाट झाली की माजं आवण मी काढून नेते. तोवर पिकाला हात लावू नुका."

त्याच संध्याकाळी गटारात सिमेंटचे नळे पडले, माल आला, उतार ओतला. कुणाच्या कामात नव्हता तो उतार कुणाच्या कामातून निघाला, कुणी विचारलं नाय. अमित जाताना म्हणाला, "आजी, याला रोज पाणी मारा."

"तुजा उतार, तूच मार," गोजर म्हणाली. आणि रोज सकाळी तो पोपटी जाकीट घालून पाणी मारायला येई.

रविवारी उजाडताच गोजरनं आवण अलगद काढून शेतात नेलं, मजुरांनी बांध फोडले, माती धुऊन काढली. धाकलूनं हॉर्न दाबला तो मळ्यात पोचेपर्यंत सोडलाच नाय. उद्घाटनाच्या पुढाऱ्यासाठी रस्त्यावर लाल फीत बांधलेली होती, ती टेंपोच्या आरशाला अडकून मुरबाडपर्यंत गेली. भेंडीवाल्यांना वाटलं, पोरानं नवी गाडी घेतली.

दुपारी वर भाषण झालं. "हा उतार मी स्वतः लक्ष घालून..." असं कुणी सांगत होतं. ओट्यावरून गोजरला तोंड काय दिसलं नाय. बूट दिसले. चिखल वाळून पांढऱ्याचे पिवळे पडलेले.

"रत्ना," ती म्हणाली, "शेण पडलंय वाटतं वर. जरा पानी मार गो."