घारीचं वाकडं बोट

तिसऱ्या सिनेमात घार पडणार नाही, हे मला सगळ्यात शेवटी सांगण्यात आलं. म्हणजे जी पडते, तिलाच.

घार ही आमच्या सिनेमांची नायिका. पाठीला पोलादी पंख, तोंडावर अर्धा मुखवटा, आणि शहरावर संकट आलं की बाई हजर. तिचा चेहरा नटीबाईंचा. पाठ, पडणं, आपटणं आणि काचेतून आरपार जाणं माझं. पहिल्या दोन भागांत इतकं रक्त सांडलं होतं की लहान मुलांना अडवायला थिएटरच्या दारावर माणूस उभा असायचा. त्यानं माझ्या लेकीलाही अडवलं. आई आत पडद्यावर गच्चीवरून कोसळतेय आणि लेक बाहेर आजीचा हात धरून पॉपकॉर्नचा वास घेतेय.

लेक बुटकी आणि तिखट, म्हणून आम्ही तिला लवंगी म्हणतो. घार म्हणजे माझी आई, असं तिनं शाळेत सांगितलं. वर्गानं तिचं नाव थापाडी ठेवलं. त्या दिवसापासून तिनं तो विषय काढला नाही. लवंगी एखादा विषय सोडून देते तेव्हा तिला फार लागलेलं असतं, हे मला ठाऊक आहे.

म्हणून तिसरा भाग सगळ्या घरानं मिळून बघण्यासारखा करायचा, असं ठरलं तेव्हा सेटवर सगळ्यात जास्त आनंद मला झाला. रक्त नाही, कोणी मरत नाही, घारीच्या मागे मागे फिरणारं एक बदक, आणि साबणावरून घसरणारा खलनायक. बदक असो नाहीतर बैल, मला काय. माझी लेक आत खुर्चीत बसून मला बघणार होती.

मग दिग्दर्शकानं मला बोलावून सांगितलं की घार गच्चीवरून पडायच्या ऐवजी पिसासारखी तरंगत उतरेल. ते काम संगणक करेल, मला सुट्टी. माणूस वाईट नाही, गोड बोलतो, चहा विचारतो. पण मुलं घाबरतील म्हणून तो मला समजावायला लागला आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मुलं दिवसभर पडतच असतात," मी म्हटलं. "घाबरतात मोठी माणसं. पडे झडे, माल वाढे, असं आपणच सांगतो ना त्यांना?"

दादानं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. दादा माझा सख्खा भाऊ आणि सेटवरचा स्टंट मास्तर. आपला धंदा पडायचा, तोंड उघडायचा नाही, हे त्याचं ब्रीद. मी पाय काढून घेतला आणि बोलत राहिले. शेवटी दिग्दर्शकच दमला. एकदा पडून दाखवा, म्हणाला, भीतीदायक वाटलं तर संगणक. संधी एकच मिळणार होती, कारण पडताना दुकानांवरची जी कापडी छतं फाटतात ती पुन्हा बांधायला वेळ नव्हता.

आमच्या घरात पडण्याचा एक नियम आहे. बाबाही हेच काम करायचे, नियम त्यांचा. पडलात की तसंच पडून राहायचं. कॅमेरा थांबला की पहिल्यांदा हात वर करायचा, पाचही बोटं पसरून. म्हणजे हाडं शाबूत. हात दिसेपर्यंत कोणी जवळ यायचं नाही, आणि तो आलाच नाही तर डॉक्टरनं धावत सुटायचं. सिनेमात हा हात कधीच दिसत नाही. घरी मात्र रोज दिसतो. लवंगी सायकलवरून पडली की रडायच्या आधी हात वर करते. मी खिडकीतून माझा हात वर करते आणि पुन्हा भांडी घासायला लागते.

शूटिंगच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून माझी आई लवंगीला घेऊन आली. दोघी दोरीपलीकडे उभ्या राहिल्या. सिनेमा मुलांचा, त्यामुळे रस्त्यावरच्या गर्दीतही या वेळी मुलंच मुलं होती. खाली संत्र्यांची हातगाडी. वर दिसायला संत्री, आत रिकाम्या खोक्यांचे थर. दादानं प्रत्येक खोका स्वतः दाबून बघितला आणि माझ्याकडे न बघता मान हलवली.

मी गच्चीवरून स्वतःला सोडलं. पहिलं छत फाटलं, दुसरं फाटलं, आणि मी पाठीवर संत्र्यांत आले. पडणं झकास झालं होतं. आता फक्त निपचित पडून राहायचं, कॅमेरा हळूहळू जवळ येणार.

ते मला झोपेतही जमतं. पण दोरीपलीकडे लवंगी होती. ती मला पहिल्यांदाच पडताना बघत होती आणि हात अजून वर आला नव्हता. सगळा रस्ता चिडीचूप. तिनं श्वास रोखून धरलाय हे मला न बघता कळत होतं, आणि मला ते सहन होईना.

माझा हात वर गेला. पाचही बोटं. कॅमेरा चालूच होता.

लवंगीनं लगेच आपला हात वर केला. शेजारच्या मुलाला वाटलं असंच करायचंय, म्हणून त्यानंही केला. मग त्याच्या पलीकडच्या मुलीनं. बघता बघता सगळ्या रस्त्यावर हातच हात झाले, आणि कुणीतरी खुदकन हसलं.

दादानं कपाळाला हात लावला. ही चूक नवशिकासुद्धा करत नाही, असं तो पुटपुटला ते मला ऐकू आलं. दिग्दर्शक माझ्याकडे येत होता. संत्र्याचा रस माझ्या मानेवरून ओघळत होता, पण म्हणतात ना, पडलो तरी नाक वर.

"शॉट मी बिघडवला, मान्य," मी त्याला बोलू न देता म्हटलं. "पण आधी मुलांकडे बघा. त्यांतलं घाबरलेलं एक मला दाखवा."

त्यानं बघितलं. मग पडद्यावर तो शॉट पुन्हा पुन्हा बघितला आणि म्हणाला की पडणं राहील, हातही राहील. मी खूश व्हायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या सहायकानं माझ्या करंगळीवर बोट ठेवलं. पहिल्या भागात ती मोडली आणि वाकडीच जुळली. आतापर्यंत हातमोज्यात लपायची, या वेळचे मोजे अर्धे होते. नटीबाईंची करंगळी सरळ, प्रेक्षकांना फरक कळेल, तेव्हा संगणकावर सरळ करून टाकू, असं तो म्हणाला.

"बोट सरळ करायचं असेल तर शॉट काढून टाका," मी म्हटलं. "बदकालाच तरंगू द्या."

दादा पुढे आला. मी पाय मागे घेतला. पण तो पायावर पाय द्यायला आला नव्हता, तो माझ्या शेजारी उभा राहिला.

"बोट राहील," तो म्हणाला. जन्मभर तोंडाला कुलूप लावलेला माझा भाऊ.

सगळे नटीबाईंकडे बघायला लागले. त्या मुखवटा पुसत बसल्या होत्या. त्यांनी आपली करंगळी निरखून बघितली, वाकडी केली, आणि घार आता अशीच, म्हणाल्या. उरलेला सिनेमा त्यांनी करंगळी वाकडी ठेवून केला. रोज संध्याकाळी बोट दुखतंय म्हणून मला शिव्याही घातल्या.

सिनेमा लागला तेव्हा दारावर तोच माणूस होता. लवंगीनं आपलं तिकीट स्वतः त्याच्या हातात दिलं आणि तो ते फाडेपर्यंत त्याच्याकडे रोखून बघत राहिली. आमच्या रांगेत तिच्या वर्गातली मुलं होती. तिला थापाडी म्हणणारी मुलगी माझ्या शेजारीच येऊन बसली.

घार पडली. थिएटर गप्प झालं. मग संत्र्यांतून हात वर आला, वाकड्या करंगळीसकट, भिंतीएवढा मोठा. शेजारच्या मुलीनं पडद्याकडे बघितलं, मग खुर्चीच्या दांडीवरच्या माझ्या हाताकडे, मग पुन्हा पडद्याकडे. लवंगी खुर्चीवर उभी राहिली आणि तिनं आपला हात उंच केला, करंगळी मुद्दाम वाकडी करून.

मागच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर टकटक केली. पोरीला खाली बसवा, म्हणाले, आम्हाला काही दिसत नाहीये.

"नाही बसणार ती," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी उभी राहिले.