हुंकार गाळलेला आवाज

मी सेगूच्या बाजारातला बोलका डबा बोलतोय. कांद्याच्या ढिगांशेजारी मला खांबाला टांगलंय. बाजरीचा भाव आणि पावसाचा अंदाज मी बाम्बारा भाषेत सांगतो, आणि लोक मला शिव्या घालतात.

माझा आवाज फासिरी कुयाते या म्हाताऱ्या कथेकऱ्याचा. बामाकोहून बुरामासाहेब आले आणि म्हणाले, "बाबा, तुमची भाषा यंत्राला शिकवायचीय." फासिरी हरखला. सोबत न्यांकोरो विणकर आला. गोष्ट ऐकताना 'हूं' म्हणतात ना, तसं फासिरीच्या प्रत्येक वाक्याला 'नामू' म्हणण्यात त्याचा जन्म गेला होता.

फासिरीने सुरुवात केली. न्यांकोरो म्हणाला, "नामू."

"मध्ये बोलू नका हो!" बुरामा खेकसला. "सगळं खराब होतंय."

"मी बोललो नाही तर हा पुढे कसा जाईल?"

"काका, तुम्ही बाहेर बसा."

फासिरीने ब्रसुद्धा काढला नाही. इतकी वर्षं दोघं दोस्तीत एकमेकांना 'चवळीखाऊ' म्हणून चिडवत आले होते. त्या दिवशी दारातून न्यांकोरो म्हणाला, "बरंय, कुयातेसाहेब. चालू द्या तुमचं." याहून मोठी शिवी मी आजवर ऐकलेली नाही.

मग फासिरी एकटाच बोलला. सवयीने प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता. मी ते थांबणंही शिकलो.

मला टांगलं त्या दिवशी फासिरी ऐकायला आला. मी भाव सांगितला आणि थांबलो. पाऊस सांगितला आणि थांबलो. कांदेवाल्या फिदीफिदी हसल्या. "अगं बाई, हे येडं कुणाशी बोलतंय?"

फासिरीने चप्पल काढून मला हाणली. "मेल्या, माझ्या तोंडाने एकटाच बरळतोस!" बुरामाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग तो समोर कापड विकणाऱ्या न्यांकोरोकडे वळला. "अरे चवळीखाऊ, म्हण की एकदा!"

न्यांकोरोने मान वर केली नाही. "आपण कोण? ओळखलं नाही."

त्यानंतर फासिरीने गोष्ट सांगितलेली नाही. ज्या बुरामाने हे केलं त्याचा मला संताप येतो, आणि मला मात्र त्याच्यासाठीच रोज बोलावं लागतं.

परवा मी थांबलो तेव्हा न्यांकोरोचे ओठ हलले. मी वाट पाहिली. त्याने सुपारीसारखी चघळायची कोलाची बी तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहत चावत बसला.

वाचकहो, इतका वेळ ऐकलंत. निदान तुम्ही तरी 'हूं' म्हणा.