उजव्या शिंगाचा बिब्बा

रविवारी सकाळी आमच्याकडे लोक चहाला येतात आणि माझ्या भावाचा अपघात पुन्हा एकदा घडवून जातात. मी हे चिडून सांगते आहे आणि चिडायचं कारणही तसंच आहे. बडनेऱ्याला आमचं दोन खोल्यांचं घर. समोरच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली नागसेनचा पलंग, पलंगाभोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि त्या खुर्च्यांवर नागसेनचे चाहते. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवणारा माझा भाऊ उन्हाळ्यात अकोल्याच्या रेसला पडला, त्याच्या आधी हीच मंडळी त्याच्या नावानं घसा फोडून ओरडायची. आता त्याचं कंबरेखालचं अंग गेलं आहे. तो पडून असतो आणि हे लोक त्याच्या अंगावरून एकमेकांशी वाद घालतात, की त्या दिवशी गाडीला नक्की झालं काय.

"चेनच अडकली," देवीदास म्हणतो. देवीदास रेल्वेत नोकरीला आहे. स्वतःची स्कूटी चढावर ढकलत आणतो, पण रेसची गाडी नुसत्या आवाजावरून ओळखायचा त्याचा दावा असतो. "कडकन आवाज आला. म्या सोताच्या कानानं ऐकला."

"तुह्या कानाचं राहू दे," किशोर म्हणतो. किशोर नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहे आणि रेसवाल्यांच्या मोबाइल ग्रुपचा मालक असल्यासारखा वागतो. पण त्याला गाड्यांमधलं कळतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. "चेन अडकली असती तं चाक जाम झालं असतं. गाडी तं पळाली! सरळ रस्त्यावर एकदम बरोबर होती. डावं वळण आलं, यानं हँडल वळवलं, मूठ सोडली, अन् गाडी कमी व्हायच्या जागी जास्तच रेस झाली. कडेच्या टायरांवरून उडून थेट पाण्याच्या टँकरले. काहून? एक्सिलेटरची केबल. केबलले ढील पायजे. ढील नसली का हँडल वळवल्यावर ते ताणल्या जाते अन् गाडी आपोआप उठते. शेंबडं पोरगंई सांगन हे. संघपालले माहीत नाई?"

एवढं झालं की सगळ्यांचं एकमत होतं. चेन असो, केबल असो, दोष संघपालचा.

संघपाल म्हणजे नागसेनचा शाळेपासूनचा जोडीदार. याची गाडी तो बांधायचा आणि त्यानं बांधलेल्या गाडीवर हा डोळे मिटून बसायचा. आमच्या आईच्या हातचं जेवण त्यानं स्वतःच्या घरापेक्षा जास्त खाल्लं असेल. जुन्या बायपासला त्याचं गॅरेज आहे, घरी बायको आणि दोन लहान पोरी. अपघातानंतर तो दवाखान्यात आला होता, पण नागसेननं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याला कारण होतं. नागसेन पडला तेव्हा सगळे त्याच्याकडे धावले आणि संघपाल गाडीकडे धावला. किशोरनं आणि देवीदासनं ते बघितलं. तो गाडीजवळ उकिडवा बसला, पकडीनं काहीतरी तोडलं आणि खिशात घातलं. काय तोडलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "माह्या हातून राहून गेलं." त्यापुढे एक शब्द नाही. पुरावा गायब केला, असं ग्रुपवर ठरून गेलं. गॅरेजसमोरच्या गाड्या कमी होत गेल्या.

नागसेनला त्या सकाळचं काही म्हणजे काही आठवत नाही. डोक्याला मार होता. डॉक्टर म्हणाले, तेवढा भाग आता परत येणार नाही. त्यामुळे त्या दिवसाचं त्याच्याजवळ जे आहे, ते सगळं या खुर्च्यांवरून आलेलं.

त्या रविवारी किशोर ठरवूनच आला होता. नागसेननं स्वतःच्या तोंडानं संघपालचं नाव घ्यायचं, त्याचा व्हिडिओ करायचा आणि ग्रुपवर टाकायचा. अमरावती-अकोल्यातले झाडून सगळे रेसवाले, गॅरेजवाले त्या ग्रुपवर आहेत. "त्याच्याकडे कोणी पंक्चरसुद्धा काढाले जाणार नाई," असं किशोर आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता, आणि ते खरं होतं. संघपालला बडनेरा सोडावं लागलं असतं.

सकाळी नागसेनचं अंग पुसताना मी त्याला म्हटलं, "नको करू रे हे. लेकीबाळीचा माणूस आहे."

तो छताकडे बघत होता. "ताई, तो माह्याकडे नाई आला. गाडीकडे गेला."

मलाही संघपालचा रागच होता. फक्त व्हिडिओचं मला पटत नव्हतं.

किशोरसोबत त्याचे वडील नत्थुजी आले होते. नत्थुजींचा संत्र्याचा बगीचा आहे, वय सत्तरीच्या पुढे. तरणेपणी त्यांच्याकडे शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल होते आणि पंचक्रोशीत त्यांच्या जोडीचं नाव होतं. आता त्यांना पटावर उभं राहणं झेपत नाही, म्हणून ते किशोरच्या गाडीत बसून मोटरसायकलच्या रेस बघायला जातात. नागसेनवर त्यांचा भारी जीव. दर रविवारी येतात, खिशातून तिळाच्या तेलाची बाटली काढतात आणि नागसेनचे पाय चोळत बसतात; चेन-केबलच्या वादात त्यांचं लक्ष नसतं. त्या पायांना काही कळत नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं. ते म्हणतात, "त्याले नाई कळत तं नाई. मले कळते ना." अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

चहा झाला. किशोरनं स्टुलावर डबा ठेवून त्याला मोबाइल टेकवला. "हं, नागसेन. पयले नाव सांग, मंग रेस कोणती ते."

"मी नागसेन..." तो बोलला आणि थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मला वाटलं, आता हे राहतं. तेवढ्यात किशोर म्हणाला, "बाबा, तुमी मोठे आहात. तुमी सुरुवात करून द्या. काय पाह्यलं ते सांगा. मंग हा बोलन."

नत्थुजींनी टोपी सारखी केली. हात तेलाचे होते, ते धोतराला पुसले आणि मोबाइलकडे तोंड करून सरपंचासारखे बसले.

"पयल्यापासून सांगतो," ते म्हणाले. "मोटरसायकल झाली तरी तो बैलच हाय. आमी पटाच्या बैलाले बिब्बा बांधत होतो, नजरेचा. तो उजव्या शिंगाले बांधा लागते, डाव्या नाई. गाडीचं हँडल म्हणजे शिंगच. त्याच्या आधीच्या रेसले म्या दोऱ्यानं बांधला होता. तो उडून गेला अन् तेच रेसले याची चेन तुटली. आठवते ना देवीदास? म्हणून या वक्ती म्या कच्चं काम केलंच नाई. लिंबू, मिरच्या, बिब्बा तारेत ओवले. उजव्या मुठीतून ते काळी नळी खाली येते ना, तिच्यासकट हँडलले तारेचे वेढे घेतले अन् पकडीनं पिळून टाकले. म्हटलं, आता पाहू कसा सुटते."

देवीदासचा कप ओठाशी होता, तो तिथेच राहिला. किशोरनं हात पुढे केला, बहुतेक मोबाइल उचलायला, पण तो हातही मध्येच थांबला. मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. पण ढील, केबल, डावं वळण हे मी एवढे रविवार स्वयंपाकघरातून ऐकत होते, की मलासुद्धा ती तार दिसली.

नत्थुजी आपल्याच नादात होते. "संघपाल आला होता सोडाले. म्हणे, आबाजी, इथं नका बांधू, केबल दबून राहिली. मले लय राग आला. म्हटलं, तू कालचं पोरगं, मले शिकवतं? त्यानं पक्कड लावलीच होती. पण हा माहा नागसेन..." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हा म्हणाला, राहू दे रे संघ्या, आबाजीचं मन नको मोडू. एका रेसनं काय होते? तुमच्यात हे मानत नाई, मले का माहीत नाई? तरी माह्यासाठी म्हणाला. माहे डोळे भरून आले होते बाप्पा. अन् पाहा, एवढा मोठा टँकर, तरी पोरगं जितं राह्यलं का नाई? त्या बिब्ब्यानंच वाचवलं."

बाहेर भाजीवाल्याचा भोंगा चालू होता.

मी नागसेनकडे बघितलं. तो नत्थुजींकडे बघत होता. चादरीवर त्याचा उजवा हात होता आणि मनगट अगदी थोडं पुढे-मागे फिरत होतं, मूठ सोडल्यासारखं, धरल्यासारखं. त्याला आठवलं नव्हतं. पण आपण काय बोललो असू, हे त्याला ओळखू आलं होतं. कारण तो तसाच आहे. कोणाचं मन मोडायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं.

माझं मात्र डोकं फिरलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्या आल्या हे लिंबू-बिब्बे घराबाहेर टाकले होते, सगळ्या गावाचा रोष पत्करून. आणि आमचं पोरगं दुसऱ्याच्या मायेपायी तेच हँडलला बांधून पळालं. मला ओरडायचं होतं. म्हाताऱ्याला गदागदा हलवून सांगायचं होतं, की बघा, ज्यांना तेल लावता ते पाय कोणी घेतले. मी तोंड उघडलंसुद्धा.

"ताई," नागसेन म्हणाला. एवढंच. मग त्यानं नत्थुजींच्या हातावर आपला हात ठेवला. "हाव आबाजी. त्याच्यानंच वाचलो."

नत्थुजी खूश झाले. त्यांनी पिशवीत हात घातला आणि नवीन बिब्बा काढला, तारेत ओवलेला, मिरच्या हिरव्यागार. "तुह्या चाकाच्या खुर्चीसाठी आणला," म्हणून ते उठले आणि भिंतीशी ठेवलेल्या त्या खुर्चीच्या उजव्या हाताकडे वाकले.

किशोरनं त्यांचं मनगट धरलं. "बाबा, नका बांधू."

"काहून?"

किशोरचं तोंड वाकडं झालं. बापापुढे रडणारा माणूस तो नव्हे. त्यानं दुसऱ्या हातानं मोबाइल उचलला, व्हिडिओ खोडला आणि म्हणाला, "चला घरी."

"अरे पण काहून?" नत्थुजी दारापर्यंत विचारत गेले. देवीदासनं चहा तसाच ठेवला आणि मागोमाग निघून गेला. निघताना किशोर माझ्याकडे वळला, पण त्याला मान वर करवली नाही.

ते गेल्यावर नागसेन म्हणाला, "फोन लाव त्याले."

मी संघपालला फोन लावला आणि नागसेनला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. किती महिन्यांनी आमचं नाव त्याच्या फोनवर आलं असेल. त्यानं लगेच उचलला. "ताई? बरा आहे ना तो?"

"संघपाल," मी म्हटलं, "नत्थुजी आले होते. ते बिब्ब्याचं बोलले सगळं. तू काढत होता, अन् यानं राहू दे म्हटलं, तेही."

पलीकडे गॅरेजात कुठेतरी हवा भरायचं यंत्र चालू होतं. ते बंद झाल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "नागसेननं ऐकलं काय?"

"हो."

"ताई, काहून ऐकू दिलं त्याले?" त्याचा आवाज चिरकला. माझ्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "म्या ते तार यासाठीच तोडली होती का? थोड्या वेळानं लोक मोबाइल घेऊन गाडीकडेई येणारच होते. एकाच्याबी फोटोत ते दिसली असती तं म्हाताऱ्याचा जीव घेतला असता लोकाइनं. अन् मंग कधी ना कधी कोणी याले सांगितलंच असतं, का तूच म्हणला होता राहू दे. माह्यावर राग धरून जगला असता तो, ताई. सोतावर धरून कसा जगन?"

नागसेननं हात पुढे केला. मी फोन त्याच्या हातात दिला.

"संघ्या."

फोन स्पीकरवर होता हे संघपालला आता कळलं.

"म्या म्हटलं होतं काय, राहू दे म्हणून?"

"नाई," संघपाल ताबडतोब म्हणाला. "म्हातारा काईबी बोलते. तू काईच नाई म्हणला. माह्याच हातून राहून गेलं."

संघपालला खोटं बोलता येत नाही. शाळेत असतानाही एक थाप धड मारता यायची नाही त्याला; दोघं पकडले जायचे ते त्याच्यामुळेच. नागसेननं डोळे मिटून घेतले.

"बरं," तो म्हणाला. "घरी ये. येताना पक्कड आण. खुर्चीचं चाक आवाज करून राहिलं."

त्यानं फोन माझ्याकडे दिला. "आबाजीले कोणी कधी सांगू नका," असं म्हणाला आणि मग तो रडायला लागला. पडल्यापासून तो एकदाही रडला नव्हता. मी त्याला धरून बसले. खांदे हलत होते, छाती हलत होती, पलंगाची पट्टी वाजत होती, आणि कंबरेखाली तेलानं चकाकणारे ते दोन पाय जसे ठेवले होते तसेच पडून होते.