धुराच्या राणीचा कोप

म्बाह रेक्सोच्या अंगणात सकाळपासून खोकल्याची जत्रा भरायची. सुंबिंग डोंगराच्या उतारावरचं वातुरेजो गाव तंबाखूवर जगणारं. तिथं दमेकऱ्यांना काय तोटा! कुणी मोटरसायकलवरून यायचं, कुणी मुलाच्या पाठुंगळी. म्बाह म्हणजे आजोबा, पण या आजोबाचं वय जेमतेम पन्नास. ओट्यावर बसून तो लवंगी सिगारेटीवर मंत्राची फुंकर मारायचा आणि ती धापणाऱ्याच्या ओठांत खोचायचा.

"ओढ! दमा म्हणजे छातीत साचलेलं धुकं. धुक्याला हाकलतो कोण? धूर! आणि डॉक्टर लेकाचे सहा-सहा वर्षं पुस्तकं चघळतात!"

लोक हसायचे, खोकायचे, पुन्हा हसायचे. सिगारेटीमागून एक पुडी, कोमट पाण्यातून. "नुसती आलं-हळद," म्बाह सांगायचा. तासा-दोन तासांत छाती मोकळी! महिन्याभरात गालसुद्धा गोल गरगरीत. मग बाया एकमेकींचे गाल ओढायच्या, "म्बाहच्या कृपेनं अंग धरलं बघ!"

अट एकच. दिवसाला बारा सिगारेटी. व्रत मोडलं तर आठवड्याच्या आत धुराची राणी काळीज धरून गदागदा हलवणार. आणि ती हलवायची! तोमो सुतारानं सिगारेट सोडली, तर सहाव्या दिवशी ओकत, थरथरत म्बाहच्या पायाशी. म्बाहनं प्रायश्चित्त दिलं. तीन दिवस पुडी बंद, नुसती सिगारेट. तोमो बरा झाला. आता कोण शंका घेणार?

कुस्मियाती घ्यायची. सरकारी दवाखान्यात औषधं देण्याचं तिचं काम. पण तिची सख्खी थोरली बहीण पोनिराह त्याच अंगणात बसू लागली होती.

"म्बाक, मी तुला तोंडात मारायचा पंप दिला होता ना?" थोरलीला ती म्बाक, म्हणजे ताई, म्हणायची. "दमेकरी बाई, आणि बारा सिगारेटी?"

"तुझा पंप मारून मारून बोटं दुखली माझी. काडीचा गुण नाही."

"येईल कसा? तू लपून ओढत होतीसच की. धुरानं सुजलेल्या छातीवर ते औषध बोथट पडतं!"

"असेल बाई. पण आज मी तंबाखूच्या शेतापर्यंत चढून गेले. तू चढवलंस का कधी मला?"

बहीण खरंच चढली होती. आणि धुरानं तर दम कोंडतो, सुटत नाही. मग सोडवत काय होतं? कुस्मियातीनं पुडी मागितली. पोनिराहनं ती पोलक्यात खुपसली. "परक्या हातानं विटाळते."

पुढच्या महिन्यात पोनिराहला नात झाली. सुनेनं सरळ सांगितलं, "धूर घेऊन बाळाजवळ यायचं नाही." नातीच्या ओढीनं पोनिराहनं सिगारेट टाकली. पुडी चालू ठेवली. ती तर नुसती आलं-हळद!

सातव्या दिवशी ती ओकू लागली. हात लटलटत होते, काळीज घोडं उधळावं तसं धावत होतं. "राणीनं धरलं गं," ती रडत होती, "मला म्बाहकडे ने. सिगारेट पेटव."

"राणी गेली खड्ड्यात!" कुस्मियातीनं तिला गाडीत घातलं आणि उरलेल्या पुड्याही उचलल्या. वाटेत पोनिराहला झटका आला. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. धाकटीनं तिचं डोकं मांडीत धरलं आणि गाडी थेट शहराकडे घ्यायला सांगितली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून विचारलं, "दम्याच्या गोळ्या इतक्या कशाला गिळल्या?"

"एकही नाही हो!"

"रक्तात थिओफिलिन, दम्याच्या गोळीतलं औषध, दुपटीनं आहे."

पोनिराह पाचव्या दिवशी उठून बसली. तोवर पुड्यांचा अहवाल आला. दळलेलं थिओफिलिन, वर स्टेरॉइड, आणि वासापुरती हळद.

कुस्मियाती गावच्या प्रमुखाला आणि औषध खात्याच्या माणसांना घेऊन त्या अंगणात शिरली. मागच्या खोलीत गोळ्यांचे डबे निघाले, आणि एक चांगला मोठा खलबत्ता.

"हीच ती राणी!" डबा उंच धरून ती म्हणाली. "छाती मोकळी करत होत्या या गोळ्या. गाल फुगले ते स्टेरॉइडनं. त्याला अंग धरणं नाही, सूज म्हणतात. सिगारेटीचा धूर यकृताला ही गोळी भराभर जाळायला लावतो. म्हणून हा दुप्पट गोळी कोंबायचा. तुम्ही सिगारेट सोडली की जळणं मंदावतं, गोळी रक्तात साचते, ओकारी, थरथर, झटका. हाच राणीचा कोप! आणि प्रायश्चित्त काय, तर पुडी बंद. विष थांबलं की माणूस बरा होणारच."

"पापी बाई! धुराची निंदा करतेस?" म्बाह ओरडला.

"तुम्ही दिवसाला किती ओढता, म्बाह?"

"मी... मला नाही सोसत. घसा धरतो."

मग तोमो सुतार हसला. तो हसला म्हणून सगळे हसले, आणि त्या हसण्यातच म्बाह औषध खात्याच्या गाडीत चढला. एक म्हातारी तेवढी त्याच्या पाया पडली. अशी एखादी असतेच.

चिडलेल्या लोकांनी पुड्या चुलीत टाकायला काढल्या, तशी कुस्मियाती ओरडली, "थांबा! आवेशात काही सोडू नका. स्टेरॉइड एकदम तोडलं तर जीव जाईल. पुडी, सिगारेट, दोन्ही सोडायच्या. पण उद्या दवाखान्यात येऊन, हळूहळू, आमच्या नजरेखाली."

"आणि पुन्हा कुणी बाबा आला तर?" तोमोनं विचारलं.

"त्याच्या पाया पडण्याआधी विचारा, पुडीत काय आहे? खरा वैद्य नाव सांगेल. जो शाप सांगेल, त्याला दारातूनच वाटेला लावा."