हौद्याची माती

तुफानच्या पुढच्या उजव्या खुराचा ठसा डाव्यापेक्षा उथळ उमटत होता. फरक बोटाच्या पेराएवढाही नव्हता. पण मी मैदानाच्या कडेनं चालत गेले तेव्हा प्रत्येक वेळी तोच दिसला. डावा खोल, उजवा उथळ, आणि उजव्याची टाच जेमतेम टेकलेली. घोडा दुखऱ्या पायावर भार टाकत नाही. गुलछडीचे ठसे उन्हाळ्यात असेच उमटायला लागले होते.

गुलछडी आमची घोडी. पुढच्या पायाची मागची शीर तुटली, ती तीन पायांवर उभी राहायला लागली, मग दुसराही पाय गेला. आषाढात डॉक्टरांनी तिला शेवटचं इंजेक्शन दिलं. "वय झालं हुतं तिचं," आण्णा म्हणाले. तिचं वय झालेलं नव्हतं.

कागलच्या एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घोडेस्वारीचं मैदान आहे. माझा धाकटा भाऊ सम्राट तिथं शिकवतो. कारखान्यांतल्या साहेबांची मुलं येतात. मैदान मात्र आण्णांनी, आमच्या वडिलांनी, तयार केलं. ते मंगळवार पेठेतल्या एका तालमीचे वस्ताद. तालमीत मॅट आली आणि कुस्तीचा हौदा बुजवायचं ठरलं, तेव्हा हौद्यातली तांबडी माती ट्रॉल्या भरभरून त्यांनी इथं आणली. कमी पडली तिथं तसलीच आणखी शोधून घातली. चाळली, तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मळली, हौद्यात घालतात तशी. बघायला आलेली माणसं मूठभर उचलून वास घ्यायची आणि मान डोलवायची. दर शनिवारी आण्णा तिथं नारळ फोडतात. पहिल्या दिवशी बूट घालून आत आलेल्या एका मुलीवर ते ओरडले होते, "ए पोरी, पायताण भाईर काढ!" ती म्हणाली, "मग रिकिबीत काय अनवाणी पाय घालू, आजोबा?" नाइलाजानं त्यांनी बुटांना परवानगी दिली. स्वतः मात्र आजही चपला कडेला काढून आत जातात.

मी गडहिंग्लजच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पैलवान पडतो तेव्हा त्याचा भार अंगभर वाटला जातो आणि मऊ माती त्याला झेलते. धावणाऱ्या घोड्याचं सगळं वजन मात्र क्षणभर एका खुरावर येतं. बारीक, तेलकट मातीत तो खूर रुततो, खालच्या ओल्या थरावर सरकतो, आणि वर ओढून घेताना शीर ताणली जाते. घोड्याला खाली उतार देऊन घट्ट दाबलेला मुरूम लागतो, वर धुतलेल्या जाड वाळूचा पातळ थर. हे सगळं गुलछडी जिवंत होती तेव्हाच आण्णांना सांगून झालं होतं. ते म्हणाले, "पाऊस सरू दे, बघूया." मग म्हणाले, "दसरा होऊ दे." दसराही होऊन गेला.

"आण्णा, तुफान लंगडतोय," मी म्हणाले.

ते कट्ट्यावर बसले होते. "लंगडत न्हाय. नाटकं करतोय. तुझ्या भावागत."

"मला मधी घेऊ नका," तुफानची दोरी धरून उभा असलेला सम्राट म्हणाला.

"ठसे बघा, आण्णा."

"ठसं काय बघायचं? ह्या मातीत किती पोरं पडली, उठली. एकाचं हाड मोडलं न्हाय. तुझ्या कॉलेजातल्या मातीला वास तरी येतोय का?"

"आमच्या कॉलेजात माती नसते."

"मग कशाला बोलतीस?"

सम्राट माझ्याजवळ आला. "आक्का, सोड की. मी बोलून दमलो. आता ह्यो बी जाईल. मग रिकाम्या मैदानात नारळ फोडत बसतील." त्यानं आवाज खाली ठेवला होता, पण आण्णांनी ऐकलं. ते रस्त्याकडं बघायला लागले.

मी वाळूचं पुढं काही काढलं नाही. आण्णांनी जन्मभर पोरांचे उतरलेले खांदे बसवले, लचकलेले पाय चोळले. अजूनही पेठेतून कुणी ना कुणी मुरगळलेला पाय घेऊन त्यांच्याकडं येतं. पण गुलछडीच्या पायाला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. डॉक्टर आले की ते काहीतरी काम काढून बाहेर जायचे.

"एकदा हात लावून बघा," मी म्हणाले. "मग मी काही बोलणार नाही."

ते बराच वेळ उठले नाहीत. मग उठले. कडेला चपला काढल्या, वाकून माती कपाळाला लावली आणि आत आले. तुफानपुढं उकिडवे बसले. आधी डावा पाय. गुडघ्याखाली, मागच्या बाजूनं, तळवा सावकाश खाली आणला. मग उजवा. निम्म्यावर हात थांबला. पुन्हा डावा धरला, पुन्हा उजवा. त्यांनी अंगठ्यानं जरासं दाबलं तसा तुफाननं पाय झटकून वर घेतला.

"कवापास्नं?"

"आठवडा झाला," सम्राट म्हणाला.

"गरम हाय."

"व्हय."

"गुलछडीची शीर बी अशीच हुती?"

सम्राटनं माझ्याकडं पाहिलं.

"अशीच होती, आण्णा," मी म्हणाले.

त्यांनी पायाजवळची माती मुठीत घेऊन दाबली. तिचा गोळा झाला, त्यावर चारी बोटं उमटली. गोळा त्यांनी फोडला नाही, होता तिथं खाली ठेवला. उठताना आधाराला त्यांचा हात तुफानच्या खांद्याकडं गेला, मध्येच थांबला आणि माझ्याकडं वळला. मी धरला. इतका जड हात मी कधी धरला नव्हता.

कडेपर्यंत ते माझ्या आधारानं आले. चपला घातल्या. मैदानाकडं पाठ होती.

"सम्राट," ते म्हणाले, "उद्या जेसीबी सांग. सगळी माती काढायची."